उपसागरात डिप्रेशन, गावात टेन्शन

बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झालं की यवतमाळ जिल्ह्यात लोकांच्या जिवात जीव येतो. जुलै-ऑगस्टात पावसाने ओढ दिलेली असते. पऱ्हाटीने माना टाकलेल्या असतात. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं आणि रोज रात्री कोरडंच निघून जातं. अशात कोणीतरी मोबाइलवर बातमी वाचतो आणि पारावर जाहीर करतो, "राजेहो, डिप्रेशन आलं!" लगेच सगळ्यांचे चेहरे उजळतात. आता ते ओडिशाच्या किनाऱ्याला लागणार, छत्तीसगड ओलांडून इकडे सरकणार, दोन दिवसांत झड लागणार. त्यातून ते 'डीप डिप्रेशन' असेल तर विचारूच नका, चहाचे पैसे बातमी सांगणाराच देतो.

हाच शब्द दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून निघाला की घरची माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. "म्हणजे डोक्यावर परिणाम झाला का जी?" असं कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं आणि बाहेर पडताना चिठ्ठीची चार वेळा घडी घालून ती वरच्या खिशात दडपतं.

मी हयातभर या जिल्ह्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. त्यामुळे एकाच शब्दाचे हे दोन संसार बघून मला मौज वाटते, आणि हवामान खात्याचा थोडा हेवाही वाटतो. त्यांचं कसं चोख असतं. वाऱ्याचा वेग 17 ते 27 नॉट असला की डिप्रेशन, 28 ते 33 असला की डीप डिप्रेशन, 34 झाला की चक्रीवादळ आणि मग त्याचं रीतसर बारसं. 17 च्याही खाली असेल ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. डिस्टर्बन्ससुद्धा त्यांच्याकडे आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणारं ते वेस्टर्न डिस्टर्बन्स. हरभरा घाट्यावर असताना, तूर कापून वावरात पडलेली असताना ते येतं आणि कधीकधी गारांसह येतं. म्हणून आमच्याकडच्या शेतकऱ्याचा हिशेब सरळ आहे: डिप्रेशन चांगलं, डिस्टर्बन्स वाईट. मनाच्या डॉक्टरांचा हिशेब नेमका उलटा. माणूस नुसता डिस्टर्ब असेल तर ते म्हणतात, होईल ठीक. डिप्रेशन म्हटलं की ते खुर्ची पुढे ओढून बसतात.

इंग्रजी भाषेला मन बिघडण्याचे प्रकार पाडायची भारी हौस. अपसेट, डिस्टर्ब्ड, अ‍ॅजिटेटेड, पर्टर्ब्ड, डिस्ट्रेस्ड, अँक्शस, वरीड. वर्गात मी यांची रांग लावायचो. मित्राने लग्नाला बोलावलं नाही तर तुम्ही अपसेट. जेवणाचा डबा घरी आला की संपलं. बाहेरून काहीतरी येऊन मनात घुसलं तर डिस्टर्ब्ड. हातपाय जागेवर राहत नसतील, बसल्या जागी पाय हलत असेल तर अ‍ॅजिटेटेड. पर्टर्ब्ड हा जरा सूट घातलेला शब्द. तो साहेब लोकांना होतो आणि तेही पत्रातून कळवतात. अँक्शस असायला पुढे काहीतरी घडायचं बाकी असावं लागतं. डिस्ट्रेस्ड मात्र खरा संकटातला. बुडणारं जहाज आणि हमीभावाच्या खाली माल विकणारा शेतकरी, दोघांनाही इंग्रजी हाच शब्द लावते.

हे सगळं फळ्यावर लिहून झालं की मी पोरांना प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करायला सांगायचो. एका पोराने सातही वाक्यं एकाच साच्यात पाडली होती: 'ही इज अपसेट ड्यू टू टेन्शन', 'ही इज अँक्शस ड्यू टू टेन्शन', आणि असंच खालपर्यंत. व्याकरणाची एक चूक नाही. मी पूर्ण मार्क दिले, कारण त्याने फक्त वाक्यं केली नव्हती, जिल्ह्याचं एकूण दुखणं एका कागदावर मांडलं होतं.

खुद्द इंग्रजी शब्दांचं कूळ शोधलं की त्यांचा रुबाब उतरतो. डिस्टर्ब आणि पर्टर्ब दोन्ही लॅटिनमधल्या 'टुर्बा' या शब्दाची पोरं, आणि टुर्बा म्हणजे गर्दी, गोंधळ. आपल्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी जे एसटी स्टँडवर होतं, ते मनात झालं की झालात तुम्ही डिस्टर्ब. 'वरी'ची जुनी इंग्रजी आजी गळा आवळणारी. कुत्र्याने मेंढीची मान पकडून तिला झिंजाडणं, यालाच आधी वरी म्हणत; अजूनही इंग्लंडचे मेंढपाळ म्हणतात. अँक्शसचं मूळही गळा आवळण्यातच आहे, आणि वेदातला 'अंहस्' हा त्याचाच सख्खा चुलत भाऊ. 'अपसेट' तर पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी नीट उभं करणं या अर्थाने चालायचा. उभं करता करता तो कधी आडवा करायला लागला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

स्ट्रेसची गोष्ट याहून गमतीची. हान्स सेल्ये नावाचा मूळचा हंगेरीतला शास्त्रज्ञ कॅनडात माँट्रियलला काम करत होता. शरीरावर कसलाही मारा झाला तरी शरीर एका ठराविक पद्धतीने उत्तर देतं, असं टिपण त्याने 1936 साली 'नेचर'मध्ये छापलं. पुढे या प्रकाराला त्याने स्ट्रेस हे नाव दिलं आणि ते जगभर झालं. इंजिनियर लोकांच्या भाषेत बाहेरून येणारा जोर म्हणजे स्ट्रेस आणि त्याने आत जे ताणलं जातं ते स्ट्रेन. म्हातारपणी सेल्येने सांगून टाकलं की आपलं इंग्रजी तेव्हा पक्कं असतं तर आपण 'स्ट्रेन' म्हटलं असतं. स्ट्रेसच्या बापालाच शब्द नेमका सापडला नव्हता, तिथे आर्णी-दारव्ह्याच्या पोरांचे मार्क मी कोणत्या तोंडाने कापणार?

तर टेन्शन. आमच्याकडे हा एकच शब्द वाणसामानाच्या थैलीसारखा वापरला जातो. सगळं त्यातच कोंबायचं. पोरीचं लग्न ठरत नाही, टेन्शन. ठरलं, तर जास्त टेन्शन. बोंडअळी, डीपी जळाली, पीककर्जाचं नवंजुनं, बारावीचा निकाल, जावयाचं पिणं, सगळं टेन्शनच. टेन्शन येतं, होतं, राहतं, वाढतं. ते घेता येतं, देता येतं, आणि दुसऱ्याला "घेऊ नको" असं फुकट सांगता येतं. फ्रान्समध्ये मला टेन्शन आहे म्हणाल तर ते लोक तुमचा रक्तदाब वाढलाय असं समजतील, कारण त्यांच्याकडे त्या शब्दाचा रोजचा अर्थ तोच. आमच्याकडे रक्तदाबाला बीपी आहे, साखरेला शुगर आहे. टेन्शन हे या दोघांचं मायबाप. इंग्रजीतून उसना आणला म्हणून त्याला नावं ठेवायचीही सोय नाही. त्याचं आणि आपल्या 'ताण'चं मूळ एकच. ही पोर हजारो वर्षांपूर्वी घरातून गेली आणि साहेबाचा कोट घालून परत आली, एवढंच.

मग आपल्याकडे छटा नव्हत्या का? होत्या, आणि ढिगाने आहेत. पण इंग्रजी शब्द चित्रं दाखवतात, मराठी शब्द आवाज करतात. हुरहूर, रुखरुख, धाकधूक, तळमळ, तगमग, चुळबुळ, धुसफूस. नुसते एका पाठोपाठ एक म्हणून पाहा, छातीत काय चाललंय ते कानाला कळतं. आणि यातले बहुतेक शब्द आपापल्या हंगामात उगवतात.

मृग लागला की धाकधूक सुरू. बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या, पहिला पाऊस होऊन गेलेला, आता टोबावं की थांबावं? शेजाऱ्याने टोबलं की धाकधुकीची चुळबुळ होते आणि आपणही टोबून मोकळे होतो. मग पाऊस दडी मारतो आणि तगमग सुरू होते. वावरात जाऊन बी उकरून पाहायचं, कोंब आलाय का, करपलाय का, आणि परत माती लोटायची. दुबार पेरणीची पाळी आली की घरधन्याची नजर बायकोच्या गळ्यातल्या पोतीकडे जाते. त्या नजरेला मराठीत शब्द नाही, इंग्रजीतही नसावा. बायकोला मात्र ती कळते. ती काही न बोलता पोत काढून देते.

दिवाळीच्या मागेपुढे सीतादहीची पूजा करून वेचणी लागते. कापूस घरात आला की घालमेल. आज द्यावा तर भाव पडलेला. ठेवावा तर जागा नाही. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, पोरं त्यावर उड्या मारतात, आणि महिना-दोन महिन्यांत सगळ्या घराला खाज सुटते. सकाळी घरधनी एका हाताने मोबाइलवर भाव बघतो आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवतो. कोणी म्हणेल हाच तो अ‍ॅजिटेटेड. असेल बुवा, पण त्या शब्दात खाज येत नाही.

शेवटी वैतागून कापूस जिनिंगवर नेऊन टाकला आणि आठवड्याभरात भाव चढला, की जन्मभर पुरते ती रुखरुख. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी त्याआधी सात-आठ हजारांत देऊन टाकला होता, ते अजून लग्नाच्या पंगतीत हाच विषय काढतात. पुढच्या हंगामात काही जणांनी शहाणे होऊन माल दाबून ठेवला, तर भाव काही त्या उंचीला परत गेला नाही. म्हणजे रुखरुख दोन्ही बाजूंनी. ज्या घरात पोरगी नांदायला गेली किंवा पोरगा पुण्याला कंपनीत लागला, त्या घरात हुरहूर. तिला हंगाम नाही. संध्याकाळी दिवे लागले की ती येते.

भीती ही आणखी वेगळी जात. राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात टी-1 वाघीण फिरत होती तेव्हाची गोष्ट. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली. तोवर त्या पट्ट्यात कोणाच्या तोंडी टेन्शन हा शब्द मी ऐकला नाही. वावरात जायला "भेव वाटते" एवढंच लोक म्हणायचे. वाघिणीसमोर उसना शब्द चालत नाही, आजीचाच लागतो.

याउलट आपली सार्वजनिक भावना बघा. तिथे छटांचा नुसता पोळा भरतो. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. त्या आठवड्यात मराठीचा सगळा राखीव साठा बाहेर निघाला. आधी नाराजी, मग खेद, मग तीव्र खेद, मग उद्वेग, क्षोभ, संताप, निषेध, जाहीर निषेध. हवामान खात्यालाही इतक्या पायऱ्या जमल्या नसत्या. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. याच जिल्ह्यातल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे उरलेल्या, आणि तशाच बायांचं जगणं मांडणाऱ्या 'तेरवं' या नाटकात उभ्या राहिलेल्या. त्या मंचावर आल्या आणि आठवडाभर गाजलेले क्षोभ-उद्वेग एकदम बाहेरगावचे पाहुणे वाटायला लागले.

कारण या जिल्ह्यात ज्याला खरोखर दुःख होतं, तो इतके शब्द वापरत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह 19 मार्च 1986 रोजी जीवन संपवलं. त्यानंतर कित्येक घरांवर ती वेळ आली. प्रत्येक वेळी मागाहून कागद तयार होतो. त्यात नापिकी, कर्ज, घरगुती कारण अशी उत्तरं भरतात. मदतीसाठी समिती बसते आणि तिच्या कागदावर माणसाच्या दुःखाला दोनच छटा असतात: पात्र आणि अपात्र. इंग्रजीत चाळीस शब्द असोत की मराठीत चारशे, त्या रकान्यात मावतात ते दोनच.

कायद्याला मात्र उशिरा का होईना, जरा बरा शब्द सुचला. पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेला माणूस गुन्हेगार ठरायचा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. म्हणजे सगळी कलमं चाळून झाल्यावर दिल्लीलाही शेवटी सापडलं ते आमचं टेन्शनच.

डॉक्टरांनीही आता हवामान खात्यासारखं मोजमाप बसवलंय. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, वीसपासून तीव्र. चांगली पद्धत आहे, जगभर चालते. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे, फोनवर बोलायला 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, आणि गावोगाव आशाताई घरी जाऊन विचारपूस करतात. यातल्या आशाताईंबद्दल मला विशेष आदर आहे, कारण त्यांना रोज जगातल्या सगळ्यात कठीण उत्तराशी सामना करावा लागतो. ते उत्तर म्हणजे "काई नाही."

एकदा ओट्यावर बसलेलो असताना असा संवाद कानावर आला. "झोप लागते का काकाजी?" "लागते नं." "जेवन जाते?" "जाते." "कशातच मन लागत नाही, असं होते का?" "तसं काई नाही ताई. जरासं टेन्शन." झालं. कागदावर गुण पडले दोन-तीन. आशाताईने कागद पिशवीत घातला, पेन केसात खोचलं आणि निघता निघता विचारलं, "पऱ्हाटी कशी हाय औंदा?" काकाजी पुढचा अर्धा तास थांबले नाहीत. पऱ्हाटीवरून ते कर्जावर आले, कर्जावरून पोरावर, पोरावरून रात्री दोन वाजता उठून बैलाजवळ जाऊन बसण्यावर. नऊच्या नऊ प्रश्नांची उत्तरं निघाली, आणि कागदावर नसलेल्या प्रश्नातून निघाली. ताई परत टेकली. पिशवीतला कागद बाहेर आला.

तेव्हापासून मला टेन्शन हा शब्द गरीब वाटेनासा झाला. पारावर बसलेला बाप्या माणूस "मला रडू येते" असं चारचौघांत म्हणू शकत नाही. "भेव वाटते" हे तो वाघापुरतंच म्हणतो. पण "टेन्शन हाय" हे मात्र तो पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, व्याह्यासमोर कुठेही म्हणू शकतो. त्यात लाज नाही. इंग्रजीत छटा शब्दातच भरून येते. सांगणाऱ्याने नेमका शब्द निवडला की ऐकणाऱ्याचं काम संपलं. आमच्याकडे ते काम ऐकणाऱ्यावर टाकलेलं असतं. "जरासं टेन्शन", "लय टेन्शन" आणि "काई टेन्शन नाही" यातलं सगळ्यात जड कोणतं, हे गावात कोणालाही विचारा. शेवटचंच, असं ते सांगतील. हे कळायला डिक्शनरी लागत नाही, शेजारी लागतो.

अजून नोकरीत असतो तर समानार्थी शब्दांच्या त्या यादीखाली मी आणखी एक प्रश्न घातला असता: आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला तो कसा आहे, हे दोन वेळा विचारा आणि दोन्ही उत्तरं लिहा. पहिलं उत्तर सगळ्यांचं "काई नाही" हेच येईल. कॉपी समजून ते कापायचं नाही. त्याला अर्धा मार्क द्यायचा. उरलेले साडेचार दुसऱ्या उत्तराला.